साखरेचा रोजमेळ

वसई पूर्वेला स्टीलच्या भांड्यांचा घाऊक व्यापार करणाऱ्या एका श्रावकाच्या दुकानात गल्ल्याखाली एक खण आहे. जुन्या चाव्या, रबरी शिक्के आणि रद्द झालेली धनादेशपुस्तके यांच्या खाली तेथे तीन वस्तू पडून होत्या : बॅटरी संपलेले साखर मोजण्याचे यंत्र, मुदत उलटलेल्या पट्ट्यांच्या दोन डब्या आणि दंडावर लावावयाच्या सेन्सरचा एक न उघडलेला खोका. हे गृहस्थ एकसष्ट वर्षांचे. गेली अडतीस वर्षे त्यांनी एकाही संध्याकाळी रोजमेळ चुकविलेला नाही. गल्ल्यात दहा रुपयांचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत शटर खाली येत नाही. परंतु स्वतःच्या रक्तातील साखरेचे खाते त्यांनी सलग सात महिने उघडून पाहिले नव्हते.

ही विसंगती एकट्या त्यांची नाही. प्राचीन काळी शूर्पारक बंदर म्हणून व्यापारजगात प्रसिद्ध असलेल्या आणि जैन परंपरेत आचार्य वज्रसेनसूरींच्या कथेमुळे स्मरणात राहिलेल्या सोपाऱ्यापासून विरारपर्यंतच्या या पट्ट्यात आज शेकडो व्यापारी कुटुंबे आहेत. त्यांपैकी बहुतेकांच्या घरी साखर मोजण्याचे एखादे यंत्र निघेल. ते नियमाने वापरणारी घरे मात्र शोधावी लागतील. यंत्र विकत घेणे आणि यंत्राशी नाते टिकविणे यांत जे अंतर आहे, त्याचा विचार या लेखात करावयाचा आहे.

बारीक अंगकाठीचे समाधान

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी सुमारे १३ कोटी ६० लाख लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे आहेत. “आपण शाकाहारी, निर्व्यसनी, अंगानेही बारीक; आपल्याला कसला मधुमेह?” हे समाधान आपल्या समाजात वारंवार ऐकू येते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी या समाजसमजुतीवर नेमके बोट ठेवले आहे. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी स्वतःचे आणि एका इंग्रज सहकारी डॉक्टरांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले. उंचीच्या प्रमाणात दोघांचे वजन सारखेच होते. परंतु इंग्रज डॉक्टरांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी होती, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणारा भारतीय आतून बारीक असतोच असे नाही, हा त्याचा अर्थ. दिवसभर गादीवर बसून व्यापार करणाऱ्याने आणि भात, पोळी, फरसाण, मिठाई यांवर वाढलेल्या घराने तो विशेष लक्षात घ्यावा.

नियंत्रणाचा उपयोग होतो की नाही, हा प्रश्नही आता उरलेला नाही. पहिल्या प्रकारच्या मधुमेहींवर अमेरिकेत आणि कॅनडात झालेल्या दीर्घ अभ्यासाचे निष्कर्ष १९९३ साली आले. काटेकोर नियंत्रण ठेवणाऱ्यांत डोळ्यांच्या पडद्याचा विकार उद्भवण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता. १९९८ साली ब्रिटनमधील अभ्यासाने दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहातही सूक्ष्म रक्तवाहिन्यांचे नुकसान टळते, हे दाखवून दिले. म्हणजे लाभ सिद्ध आहे, साधन उपलब्ध आहे, अनेकांकडे पैसाही आहे. तरीही यंत्र खणात जाते.

ताळेबंद, रोकड आणि रोजमेळ

व्यापाऱ्याला ही साधने त्याच्याच भाषेत समजून घेता येतात. दर तीन महिन्यांनी होणारी एचबीएवनसी ही तपासणी म्हणजे तिमाही ताळेबंद. सरासरी काय राहिली ते ती सांगते. पण कोणत्या दिवशी तोटा झाला हे सांगत नाही. बोटाला टोचून पट्टीवर घेतलेला आकडा म्हणजे त्या क्षणी गल्ल्यात मोजलेली रोकड. आणि दंडावरचा सेन्सर म्हणजे रोजमेळ : काही मिनिटांच्या अंतराने, दिवसरात्र, चौदा दिवसांच्या आसपास तो नोंदी करीत राहतो. नाश्त्याच्या दोन खाकऱ्यांनी काय केले, दुपारच्या झोपेने काय केले, पहाटे चार वाजता काय घडले, हे सारे त्यात दिसते. २०१९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने असे सुचविले की, बहुतेक मधुमेहींची साखर दिवसाच्या ७० टक्क्यांहून अधिक काळ ७० ते १८० मिलिग्रॅमच्या पट्ट्यात राहावी. वयोवृद्धांसाठी हे उद्दिष्ट सैल ठेवले जाते.

भांडी-व्यापाऱ्यांच्या दंडावर पहिला सेन्सर त्यांच्या मुलाने गेल्या वर्षी नोव्हेंबरात लावला. पहिले चार दिवस कौतुकाचे गेले. शेठ दर अर्ध्या तासाने मोबाइल दंडाजवळ नेत आणि येणाऱ्या गिऱ्हाईकालाही आकडा दाखवीत. पाचव्या दिवशी आलेख २६० वर गेला आणि कौतुकाच्या जागी धास्ती आली. आठव्या दिवशी त्यांनी पाहणे कमी केले. अकराव्या दिवशी विरार लोकलच्या गर्दीत कोणाच्या तरी बॅगेचा पट्टा घासून सेन्सरच निघून आला. मुलाने आणलेला दुसरा खोका खणात गेला तो तेथेच राहिला.

मनाचे अडथळे

पहिला अडथळा आकड्याच्या भीतीचा. वहीत तोटा दिसला म्हणून कोणी वही फेकून देत नाही. उलट तोटा जितका मोठा, तितकी वही बारकाईने पाहिली जाते. साखरेचा आकडा मात्र माहिती म्हणून न वाचता निकाल म्हणून वाचला जातो. २६० हा आकडा ‘रात्रीचे जेवण जड झाले’ असे सांगत असतो आणि माणसाला ‘तू नापास झालास’ असे ऐकू येते. मग न पाहणे हाच सुटकेचा मार्ग वाटू लागतो. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलॉन्स्की यांनी मधुमेह सांभाळता सांभाळता येणाऱ्या या थकव्यावर १९९९ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिले. हा थकवा आळसाहून वेगळा आहे. या आजारात सुट्टीचा वार नसतो आणि वर्षानुवर्षांच्या दक्षतेबद्दल पाठीवर थापही मिळत नाही. त्या एकाकी कष्टाची ती शिणवट असते.

दुसरा अडथळा घरातूनच येतो. सेन्सरच्या नोंदी मोबाइलवरून घरच्या इतरांनाही पाहता येतात. हेतू काळजीचा असतो, परंतु दुपारी साडेतीन वाजता पुण्याहून मुलाचा फोन येतो : “पप्पा, पेढा खाल्लात का?” संध्याकाळी सूनबाई पोळ्या मोजून वाढते. ज्या माणसाच्या शब्दावर बाजारात लाखोंची उधारी चालते, त्याला स्वतःच्या घरात एका पेढ्याचा हिशेब द्यावा लागतो. अशा वेळी तो मधुमेहावर रागावत नाही, यंत्रावर रागावतो.

तिसरा अडथळा लोकलज्जेचा. दंडावरची ती नाण्याएवढी चकती अर्ध्या बाहीच्या सदऱ्यातून दिसते. “हे काय लावले आहे?” या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे म्हणजे आजार जाहीर करणे. ज्या घरी मुलीचे लग्न ठरावयाचे आहे, तेथे ही भीती दुप्पट होते. लहान वयात पहिल्या प्रकारचा मधुमेह झालेल्या मुलींच्या बाबतीत तर कुटुंबे इन्सुलिनसुद्धा लपवून देतात. छत्रपती संभाजीनगर येथे डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. इन्सुलिन आणि तपासणीच्या साहित्याइतकीच त्या मुलांना आपल्यासारख्या इतरांच्या सोबतीची गरज असते. लपविणे थांबले की अर्धे ओझे तेथेच उतरते.

एक शंका आपल्या समाजापुरती आहे आणि ती उघडपणे विचारली जात नाही. इन्सुलिन प्राण्यांपासून बनते ना? १९२१ साली टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावल्यानंतर अनेक दशके ते गायी-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जात असे, हे खरे. परंतु १९८२ पासून मानवी इन्सुलिन जनुकीय तंत्राने सूक्ष्मजीवांकडून तयार करवून बाजारात येऊ लागले आणि आज सर्रास मिळणारी इन्सुलिने याच पद्धतीने, यीस्ट किंवा जिवाणूंच्या साहाय्याने बनतात. ज्याच्या मनात किंतु असेल त्याने तो गिळून टाकण्यापेक्षा डॉक्टरांना स्पष्ट विचारावे. मनातला किंतु न बोलता राहिला की हळूहळू डोस चुकू लागतो.

हाताचे अडथळे

अमेरिकेत पहिल्या प्रकारच्या दीड हजार प्रौढ मधुमेहींची एक पाहणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. यंत्र सतत अंगावर वागविण्याचा त्रास हे कारण ४७ टक्क्यांनी सांगितले. अंगावर यंत्र असणेच आवडत नाही, असे ३५ टक्के म्हणाले. वसई-विरारमध्ये या त्रासाला इथली हवा आणि इथली लोकल येऊन मिळतात. खाडीकाठच्या दमट हवेत घामाने चिकटपट्टी सुटते. सेन्सर लावण्यापूर्वी त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करणे, त्या जागी तेल किंवा मलम न लावणे आणि वरून वैद्यकीय चिकटपट्टीचे कडे लावणे, एवढ्याने पुष्कळ फरक पडतो. गाडीत दाराशी लोंबकळण्याचा प्रसंग येणाऱ्याने सेन्सर दंडाच्या मागच्या बाजूला, बॅगेचा पट्टा ज्या खांद्यावर नसतो त्या हातावर लावावा.

“दोन काटे दोन वजने दाखवतात, म्हणजे एक खोटा,” हा व्यापाऱ्याचा सर्वांत मोठा आक्षेप. पट्टी १४० सांगते आणि सेन्सर १२५. यात खोटे कोणीच नाही. सेन्सर रक्तातील साखर मोजत नाही. पेशींभोवतीच्या द्रवातील मोजतो आणि तेथे बदल पोहोचायला पाच ते पंधरा मिनिटे लागतात. पट्टीच्या यंत्रालाही आंतरराष्ट्रीय मानकाने १०० च्या वर १५ टक्क्यांपर्यंतची तफावत मान्य केली आहे. शिवाय त्या हातावर झोपल्यास दाबामुळे सेन्सर खोटी घसरण दाखवू शकतो, आणि गूळ किंवा मिठाई हाताळून न धुतलेल्या बोटावर पट्टी खोटी वाढ दाखवते. लक्षणे आणि आकडा यांचा मेळ बसत नसेल, तर हात धुऊन बोटाची तपासणी करावी, हा साधा नियम. एकेका आकड्यापेक्षा आलेखाची दिशा अधिक बोलते.

पावसाळ्याचा विचार वेगळा करावा लागतो. जुलै २०१८ मध्ये वसई-विरारमध्ये पाणी तुंबले, लोकल थांबल्या आणि कित्येक वस्त्यांत वीज नव्हती. अशा वेळी मोबाइल बंद पडतो आणि त्याबरोबर सेन्सरचा आलेखही. बॅटरीवर चालणारे साधे यंत्र, मुदतीतील पट्ट्या आणि आठवडाभराची औषधे जूनपूर्वी घरात असावीत. वापरात असलेले इन्सुलिनचे पेन उन्हापासून दूर, साध्या तापमानात साधारण चार आठवडे टिकते. न उघडलेल्या साठ्यासाठी फ्रीज बंद पडला, तर ते पिशवीत बंद करून मातीच्या माठालगत ठेवणे हा जुना आणि उपयोगी मार्ग आहे.

खर्चाचा हिशेब

एक सेन्सर साधारण चार ते पाच हजार रुपयांना मिळतो. वर्षभर अखंड वापरावयाचा तर सव्वीस सेन्सर, म्हणजे एक लाख चार हजार ते एक लाख तीस हजार रुपये. हा आकडा ऐकून पुष्कळजण विषयच सोडून देतात. परंतु गोळ्यांवर असलेल्या बहुतेकांना अखंड सेन्सरची गरज नसते. तीन महिन्यांतून एकदा, किंवा औषध बदलल्यावर आणि तपश्चर्येच्या आधी लावलेला एकेक सेन्सर पुरेसा बोध देतो. वर्षाला चार म्हणजे सोळा ते वीस हजार. मधल्या काळात डॉक्टर सांगतील त्या वेळांना बोटाची तपासणी. इन्सुलिन दिवसातून अनेकदा घेणाऱ्यांचा हिशेब अर्थातच निराळा.

या वस्तूंच्या किमतीकडे सरकारचेही लक्ष गेले आहे. जुलै २०२१ मध्ये साखर मोजण्याच्या यंत्रासह पाच वैद्यकीय उपकरणांच्या व्यापारी नफ्यावर ७० टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली. २२ सप्टेंबर २०२५ पासून ही यंत्रे आणि त्यांच्या पट्ट्या यांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. स्वस्त यंत्र घेताना मात्र त्याच्या पट्ट्या जवळच्या दुकानात नेहमी मिळतात का, ते आधी पाहावे. यंत्र एकदाच घ्यावयाचे असते, पट्ट्या जन्मभर.

डिसेंबरातील एक रात्र

भांडी-व्यापाऱ्यांनी सेन्सर सोडण्यामागे गर्दीतला पट्टा हे निमित्त होते. खरे कारण त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

ते कित्येक वर्षे चौविहार पाळतात. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणी नाही. सकाळी नवकारशीनंतरच तोंड उघडावयाचे. डिसेंबरात वसईत सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, सातच्या पुढे उगवतो, त्यावर नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे. म्हणजे जवळजवळ चौदा तासांचा निराहार. संध्याकाळच्या जेवणाबरोबर ते ग्लिमेपिराइड घेत. ही गोळी स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, मग पोटात अन्न असो वा नसो. सेन्सर दंडावर होता तेव्हा दोन रात्री मोबाइलची घंटा अडीच वाजता वाजली. आकडा ६४ होता. साखर घेतली तर व्रत मोडते. न घेतली तर घंटा थांबत नाही. त्यांनी घंटाच बंद करून टाकली. सेन्सर निघून आला तेव्हा त्यांना मनातून हायसे वाटले होते.

यंत्र सोडण्याचे हे सर्वांत खोल कारण आहे. ज्या माहितीवर आपल्याला काही करता येणार नाही असे वाटते, ती माहिती माणसाला नकोशी होते. चिकाटीचा अभाव म्हणून अशा रुग्णाला बोल लावणे सोपे. परंतु त्याची अडचण कोणी विचारलेलीच नसते.

पुढे डिसेंबरात एका रात्री त्यांच्या पत्नीला जाग आली ती ओल्या उशीमुळे. शेठ घामाने निथळत होते, हात थरथरत होते आणि विचारलेल्या प्रश्नाला असंबद्ध उत्तर देत होते. ते शुद्धीवर होते आणि त्यांना गिळता येत होते. त्या माउलीने वाद न घालता तीन चमचे साखर पाण्यात ढवळून त्यांच्या ओठांना लावली. पाव तासाने ते नीट बोलू लागले. पहिले वाक्य होते, “माझा चौविहार मोडला.”

सुदैवाने त्याच आठवड्यात विहारात असलेले एक महाराजसाहेब वसईत थांबले होते. दांपत्य वंदनाला गेले आणि प्रायश्चित्त मागितले. महाराजसाहेबांनी आधी पच्चक्खाणाचा अर्थ समजावून दिला. पच्चक्खाणातच आगार असतात : विस्मरणाने घडले ते अनाभोग, अकस्मात घडले ते सहसाकार, गुरुजनांच्या मोठ्या कार्यासाठी महत्तराकार, आणि शेवटचा सर्वसमाधिप्रत्यय, म्हणजे तीव्र व्याधीने समाधीच ढळू लागली तर औषधापुरती मोकळीक. हे आगार पूर्वसूरींनी विचारपूर्वक ठेवले आहेत. त्या रात्री साखर औषध म्हणून दिली गेली होती. तथापि असा प्रसंग वारंवार येत असेल तर दोष व्रताचा की औषधाच्या वेळेचा, हे वैद्याला विचारून घ्या, असेही त्यांनी सांगितले.

डॉक्टरांना चौविहाराची कल्पनाच नव्हती. त्यांनी विचारले नव्हते आणि शेठांनी सांगितले नव्हते. सर्व ऐकून त्यांनी संध्याकाळची गोळी बदलली आणि खणातला खोका उघडून नवा सेन्सर लावावयास सांगितले. या वेळी कारण ठाऊक होते : नव्या औषधावर चौदा तासांची रात्र सुरक्षित जाते का, एवढेच पाहावयाचे होते. चौदा दिवसांत घंटा एकदाही वाजली नाही.

तपश्चर्येपूर्वी

पर्युषण, दशलक्षण पर्व किंवा आयंबिलची ओळी करू इच्छिणाऱ्या मधुमेहींनी यातून एक गोष्ट घ्यावी. डॉक्टरांची भेट तपश्चर्येच्या आधी किमान तीन-चार आठवडे घ्यावी आणि कोणते तप, किती दिवस, पाणी केव्हा, हे स्पष्ट सांगावे. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडच्या गटातील गोळ्यांनी उपवासात साखर घसरते. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या निर्जळ उपवासात धोक्याच्या ठरू शकतात. आयंबिलात तेल, तूप, दूध नसले तरी एकाच वेळी घेतलेल्या धान्याने साखर झपाट्याने चढते आणि पुढे दीर्घ पोकळी राहते. कोणतीही गोळी आपल्या मनाने बंद करू नये आणि आपल्या मनाने चालूही ठेवू नये. आकडा ७० च्या खाली आला, किंवा घाम, थरथर, धडधड जाणवली, तर पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यावे आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काहीही न घालता तातडीने रुग्णालय गाठावे. काही जणांना डॉक्टर उपवासच करू नका असे सांगतील. त्यांच्यासाठी स्वाध्याय, सामायिक आणि रसत्याग यांची वाट मोकळी आहे. तपाचे बारा प्रकार सांगणाऱ्या धर्मात अनशन हा त्यांतला एक आहे.

घरच्या माणसांनीही एक पथ्य पाळावे. आकड्यावर प्रश्न विचारण्याऐवजी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, रुग्णाने स्वतः वही दाखवावी आणि इतरांनी ऐकावे. रोज गल्ला तपासणारा भागीदार कोणालाच नको असतो. महिन्याचा हिशेब सोबत पाहणारा हवा असतो.

वसईच्या त्या दुकानात आता रोजमेळाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने एक उभी ओळ आखलेली असते. सकाळचा आकडा तेथे लिहिला जातो. वाईट असला तरी खोडला जात नाही. गेल्या तिमाहीचा एचबीएवनसी ८.४ वरून ७.६ वर आला आहे. डॉक्टरांना तो सात हवा आहे, तेव्हा हिशेब अजून पुरा झालेला नाही. रात्री दिवा मालवण्यापूर्वी पत्नी उशाजवळच्या कपाटातील ग्लुकोजचा डबा हाताने चाचपून पाहते. डिसेंबरानंतर तो उघडावा लागलेला नाही.